पंप कधी चालवायचा? पाणीपुरवठ्याच्या वीजबिलाचा हिशेब

वीजदर वाढल्याची बातमी आली की आपण आधी घरचं बिल बघतो. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेमुळे बऱ्याच घरांचं बिल शून्यावर आलंय, त्यामुळे दरवाढीच्या बातमीकडे हल्ली तेवढं लक्ष जात नाही. पण प्रत्येक गावात एक मीटर असा असतो, ज्याचं बिल कुणाच्या दारात येत नाही आणि भरतात मात्र सगळे. तो म्हणजे पाणीपुरवठ्याच्या पंपाचा मीटर. घरपट्टी, पाणीपट्टी, सरकारी अनुदान यांतून त्याचं बिल जातं. ग्रामपंचायत असो की महानगरपालिका, पाणी खात्याच्या चालू खर्चात विजेचा वाटा नेहमीच मोठा असतो.

या मीटरवरचा दर आता घड्याळाप्रमाणे बदलू लागला आहे. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली आणि 'वेळेनुसार दर' सगळीकडे आणायचं ठरवलं. म्हणजे युनिट तेच, पण दुपारी वापरलं तर एक भाव आणि संध्याकाळी वापरलं तर दुसरा. १० किलोवॅटच्या वरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ आणि शेती सोडून बाकीच्यांसाठी १ एप्रिल २०२५ अशा तारखा त्यात घातल्या. उन्हाच्या आठ तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा आणि मागणी चढलेल्या वेळेत व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना किमान २० टक्के, इतरांना किमान १० टक्के जास्त लावायचा, असा हा नियम आहे. प्रत्यक्ष आकडे आणि तास राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. कर्नाटकात मोठ्या ग्राहकांना संध्याकाळी ६ ते १० महाग आणि रात्री १० ते सकाळी ६ स्वस्त, ही पद्धत आधीपासूनच होती.

मग पाण्याचा पंप नेमका कधी चालवावा? प्रश्न साधा वाटतो. पण नीट सोडवायला बसलं की त्यात धरणाची पातळी येते, टाकीचं माप येतं, पाइपाची जाडी येते आणि पंप चालवणाऱ्या माणसाची झोपही येते.

हजार लिटर वर चढवायला किती वीज?

सुरुवात इथून करू. हजार लिटर पाणी एक मीटर उंच उचलायला सुमारे ०.००२७ युनिट वीज लागते. हे निसर्गाचं गणित आहे, त्यात घासाघीस चालत नाही. शंभर मीटर उचलायचं असेल तर ०.२७ युनिट. पण कुठलाही पंप मिळालेली सगळी वीज पाण्याला देत नाही. काही मोटर तापण्यात जाते, काही पंपाच्या आत पाणी घुसळण्यात. पंप आणि मोटर मिळून विजेचा जेवढा भाग खऱ्या कामाला लावतात, त्याला कार्यक्षमता म्हणतात. चांगल्या स्थितीतला मोठा पंपसंच ६५ ते ७५ टक्क्यांवर चालतो. झिजलेला, दुरुस्तीविना वर्षानुवर्षं चालणारा पंप ४०-५० टक्क्यांवर आलेला असतो आणि बाहेरून ते दिसत नाही. आवाज तसाच येतो, पाणीही येतं, फक्त बिल वाढत जातं.

६५ टक्के धरले तर शंभर मीटरसाठी हजार लिटरमागे ०.४२ युनिट पडतात. एका घराला रोज हजार लिटर लागत असेल, तर ही वीज एका पंख्याच्या पाच-सहा तासांच्या खर्चाएवढी होते. ऐकायला फार नाही. पण रोज एक कोटी लिटर चढवायचे म्हटले की हाच आकडा ४,२०० युनिटांच्या आसपास जातो. युनिटला ६ रुपये धरले तर दिवसाला सुमारे २५,००० रुपये आणि वर्षाला ९० लाखांच्या वर. आणि एक कोटी लिटर म्हणजे बेळगावसारख्या शहराच्या रोजच्या गरजेचा छोटा भाग.

राकसकोप आणि हिडकल

बेळगावकरांना पावसाळ्यात पेपरमध्ये एक आकडा रोज दिसतो: राकसकोप जलाशयाची पातळी. २४७५ फुटांना जलाशय भरतो. शहराला पाणी देणारं दुसरं धरण हिडकल, त्याची पूर्ण पातळी २१७५ फूट. हे दोन आकडे सहसा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या बातम्यांत येतात, म्हणून ते शेजारी ठेवून बघायचं आपल्या लक्षात येत नाही. ठेवून बघा. दोघांत ३०० फुटांचा फरक आहे.

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण २५०० फुटांवर वसलेलं आहे. म्हणजे मार्कंडेय नदीवरचा राकसकोप जवळजवळ शहराच्याच उंचीवर, आणि घटप्रभेवरचा हिडकल सव्वातीनशे फूट खाली. मीटरमध्ये सांगायचं तर जवळपास ९९. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर कोसळतो. हिडकलहून येणारा प्रत्येक थेंब, तुम्मरगुद्दी आणि कुंदरगीच्या पंपिंग स्टेशनांतून ढकलत ढकलत, त्या धबधब्याच्या जवळजवळ दुप्पट उंची चढून बसवनकोळ्ळच्या शुद्धीकरण केंद्राकडे येतो. नदीही तीच, घटप्रभा. गोकाकला उतरते आणि आपण तिला इकडे वर चढवतो. शिवाय ही झाली भरलेल्या धरणाची गोष्ट. मे महिन्यात हिडकलची पातळी उतरते तशी चढण वाढते, म्हणजे उन्हाळ्यात प्रत्येक लिटर आणखी महाग.

राकसकोपचं पाणी हिंडलग्याच्या पंपिंग स्टेशनवरून लक्ष्मी टेकडीला चढवावं लागतं, त्यामुळे ३०० फुटांचा सगळा फायदा हाती लागत नाही. तरीही दोन पाण्यांच्या किमतीत मोठं अंतर राहतंच. म्हणून बेळगावपुरतं पंपाच्या वेळापत्रकाचं पहिलं पान घड्याळाचं नसून पावसाचं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये राकसकोप भरून दरवाजे उघडायची वेळ येते, तेव्हा जलवाहिनी आणि शुद्धीकरण केंद्र झेपेल तितकं पाणी तिथूनच उचलावं. वाहून जाणारं पाणी वापरण्यात तोटा काहीच नाही, आणि त्या दिवसांत हिडकलचे पंप जितके कमी चालतील तितकी बचत. पाऊस थांबला की मात्र हिशेब उलटतो. राकसकोप लहान आहे. स्वस्त म्हणून डिसेंबरातच ते उपसलं, तर एप्रिल-मेमध्ये सगळा भार हिडकलवर, तोही सगळ्यात खोल पातळीवरून, पडणार. आणि एखाद्या दिवशी हिडकलच्या बाजूचा करंट गेला तर हाताशी दुसरं पाणीच उरणार नाही. आजचं स्वस्त पाणी आज वापरायचं की उन्हाळ्यासाठी ठेवायचं, हे ठरवताना हवामानाचा अंदाज, दोन्ही धरणांच्या पातळ्या आणि वीजदर एकत्र बघावे लागतात. या भागातल्या पाणीप्रश्नावर आपण पुष्कळ बोलतो, पण या निर्णयावर जाहीर चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही, असं मला मनापासून वाटतं.

टाकी ही पाण्याची कणगी आहे

आता घड्याळाकडे येऊ. लोक पाणी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी वापरतात. वीज स्वस्त असते दुपारी किंवा मध्यरात्री. या दोन वेळा जुळत नाहीत. जुळवून देते ती उंच टाकी. खानापूर-बेळगावकडचा शेतकरी सुगीत भात कणगीत भरून ठेवतो आणि वर्षभर काढत राहतो, भाव चढला तरी त्याला बाजारात धावावं लागत नाही. टाकी पाण्याच्या बाबतीत तेच करते: वीज स्वस्त असताना भरून घ्यायची आणि महाग असताना फक्त सोडायची. टाकीतून घरापर्यंत पाणी उताराने आपोआप जातं, त्याला युनिट लागत नाही.

यातून एक गोष्ट उघड होते. टाकी जितकी मोठी, तितकी पंप चालवण्याच्या वेळेची मोकळीक जास्त. टाकी लहान असेल तर पाणी सोडायच्या वेळेलाच पंप चालू ठेवावा लागतो, मग दर काहीही असो. अनेक गावांत टाकी बांधली ती लोकसंख्या निम्मी असताना. गाव वाढलं, वाड्या जोडल्या गेल्या, टाकी तेवढीच राहिली. अशा ठिकाणी कितीही हुशारीने वेळापत्रक केलं तरी फार हाती लागणार नाही. नवीन योजनेचा आराखडा येतो तेव्हा पंपाचा एचपी सगळे विचारतात. टाकीचं माप कुणी विचारत नाही. ते आधी विचारायला हवं.

जोरात चालवायचा की सावकाश?

'वीज दुपारी स्वस्त आहे ना, मग दुपारी सगळे पंप एकदम लावा आणि टाक्या भरून टाका', हा विचार कुणाच्याही मनात येईल. इथे पाइप आडवा येतो.

पाणी पाइपातून जाताना भिंतींना घासतं. या घर्षणावर मात करायलाही पंपाला जोर लावावा लागतो आणि तो उंचीच्या वर जादा मोजावा लागतो. पाण्याचा वेग दुप्पट केला की हे घर्षण दुप्पट होत नाही, जवळजवळ चौपट होतं. समजा टाकी पंपापासून ४० मीटर उंच आहे. दोन पंप एकदम चालवले की घर्षणामुळे आणखी २० मीटरचा जोर लागतो, म्हणजे एकूण ६०. तेच पाणी एकाच पंपाने निम्म्या वेगाने, दुप्पट वेळ लावून चढवलं तर घर्षण ५ मीटरवर येतं, एकूण ४५. पाणी तेवढंच, टाकी तीच, आणि वीज एक चतुर्थांश कमी. (प्रत्यक्षात पंप त्याच्या स्वभावाप्रमाणे थोडा इकडेतिकडे सरकतो. एकटा चालला की निम्म्याहून जास्त पाणी फेकतो, म्हणून मोटरवर जादा भार येत नाही ना, हे अँपिअर बघून तपासावं लागतं.)

म्हणूनच दोन पंप एकदम लावले तर पाणी दुप्पट येत नाही. पंपघरात उभं राहून बघितलं की हे कळतं. दुसऱ्या पंपाचा स्टार्टर ओढला, स्टार-डेल्टा बदलल्याचा खटका बसला, बाहेर जाणाऱ्या लाइनवरच्या दाबमापकाचा काटा वर सरकला, पण प्रवाहमापकाचा आकडा दुप्पट होण्याआधीच थांबला. उरलेली वीज पाइपाच्या भिंतीला घासण्यात गेली.

म्हणजे ओढाताण अशी आहे: दर म्हणतो थोड्या तासांत उरका, पाइप म्हणतो सावकाश घ्या. पाइप जाड आणि छोटा असेल तर दराचं ऐकावं. पाइप बारीक, जुना, आतून गंजलेला आणि कित्येक किलोमीटर लांब असेल तर पाइपाचं. लांबवरून नदीचं पाणी आणणाऱ्या योजनांत, बहुग्राम योजनांत विशेषतः, पाइपाचा आवाज मोठा असतो. दोन्ही तोलून जो मधला रस्ता निघतो, त्यालाच पंपाचं योग्य वेळापत्रक म्हणायचं.

मागणीचा आकार: महिन्यात एकदाच होणारी चूक

मोठ्या जोडणीच्या बिलात युनिटांशिवाय आणखी एक रक्कम असते. महिन्याभरात तुम्ही एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली, याचा तो आकार, म्हणजे शुल्क, असतो. ही मागणी केव्हीए या एककात मोजतात आणि मोजमाप होतं काही मिनिटांच्या टप्प्यांत. महिन्याचे सगळे दिवस तुम्ही दोनच पंप चालवले आणि एक दिवस अर्धा-पाऊण तास चारही चालवले, तर त्या महिन्याचा आकार चार पंपांचा लागू शकतो. मंजूर भारापेक्षा वर गेलं तर दंडाचा दर वेगळा.

ही चूक कधी होते? वीज बराच वेळ जाऊन परत येते तेव्हा. टाक्या रिकाम्या, लोकांचे फोन चालू, आणि पंपघरातला माणूस घाईने राखीव पंपही लावतो. त्याला दोष देता येणार नाही, त्याच्यापुढे बिल नसतं, ओरडणारे लोक असतात. म्हणून वीज आल्यावर कुठला पंप आधी, दुसरा किती मिनिटांनी, राखीव पंप लावायला कुणाची परवानगी, हे कागदावर लिहून पंपघराच्या भिंतीवर लावलेलं असावं. खर्च शून्य.

एका गावाचा हिशेब

शहराचे आकडे डोक्यावरून जातात, म्हणून एक गाव घेऊ. मार्कंडेय किंवा मलप्रभेच्या काठचं कुठलंही समजा. लोक ३,०००. जलजीवन मिशनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे १,६५,००० लिटर. नदीकाठच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतून, टाकीपर्यंत घर्षणासकट ६० मीटर. पंप १० एचपीचा, थोडा जुना, कार्यक्षमता ५० टक्के. रोज सुमारे ५४ युनिट लागतील आणि पंप सहा तास चालेल. टाकी ५०,००० लिटरची.

आता सध्याची पद्धत समजा अशी: सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९, पंप चालू आणि पाणी चालू. यातले संध्याकाळचे तीन तास, म्हणजे २७ युनिट, अगदी महाग वेळेत जातात.

बदल असा करता येईल. पहाटे चारच्या सुमारास पंप सुरू करून सहापर्यंत टाकी भरायची. सहाला पाणी सोडायचं आणि पंप आणखी पावणेदोन तास चालवायचा. सकाळचे ९९,००० लिटर झाले. दुपारी ऊन असताना टाकी परत भरायची. संध्याकाळचं पाणी ६ ऐवजी साडेचारला सोडायचं आणि उरलेल्या १६,००० लिटरसाठी पंप तेव्हाच अर्धा-पाऊण तास चालवायचा. सहानंतर पंपाला हात लावायचा नाही. महाग वेळेत युनिटला १ रुपया जास्त आणि स्वस्त वेळेत १ रुपया कमी धरला, तर सरकवलेल्या २७ युनिटांवर रोज ५४ रुपये वाचतात. वर्षाला १९,७०० च्या आसपास. त्यासाठी खर्च काहीच नाही, फक्त पाणी सोडायची वेळ दीड तास अलीकडे आली. ज्या पंपाच्या बिलात वेळेनुसार दर लागू झालेला आहे, तिथेच हा फायदा मिळेल, हे लक्षात ठेवायचं.

पण त्याच गावाने पंप उघडून झिजलेला इंपेलर, म्हणजे आतलं पाणी फेकणारं चाक, बदलला आणि कार्यक्षमता ६५ टक्क्यांवर आणली, तर रोजचे ५४ युनिट साडेएकेचाळीसवर येतील. युनिटला ७ रुपये धरले तर वर्षाला ३२,००० रुपये वाचतील, आणि तेही दर कसाही असला तरी. म्हणून लहान गावांसाठी माझं स्पष्ट मत आहे: आधी पंप तपासा, गळती बंद करा, मग घड्याळाकडे बघा. गळक्या पाइपातून वाहणारं पाणीही कुणीतरी ६० मीटर वर चढवलेलं असतं.

शहरात कॉम्प्युटर कशाला?

एक पंप असेल तर दिवसाच्या २४ तासांत दर तासाला तो चालू किंवा बंद, एवढाच निर्णय. तरीही एकूण १,६७,७७,२१६ वेळापत्रकं होतात. पाच पंप असले तर हा आकडा ३७ अंकी होतो. त्यातली बहुतेक उघडच चुकीची असतात: टाकी ओसंडते, किंवा पहाटे रिकामी होते. उरलेल्यांतून सगळ्यात स्वस्त वेळापत्रक शोधायचं काम माणसाच्या अंदाजाने होत नाही.

कॉम्प्युटरला आधी अटी द्याव्या लागतात. टाकीची पातळी अमुक खाली जाता कामा नये. आज रात्री बाराला टाकीत जेवढं पाणी होतं, तेवढं उद्या रात्री बारालाही असलं पाहिजे, नाहीतर आजची बचत म्हणजे उद्याची उधारी. टोकाच्या गल्लीत ठरलेला दाब मिळाला पाहिजे. आणि मोठी मोटर सारखी चालू-बंद करायची नाही, कारण प्रत्येक सुरुवातीला ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, तापते आणि तिचं आयुष्य कमी होतं. या अटी पाळून कॉम्प्युटर हजारो वेळापत्रकं बनवतो, चांगली ठेवतो, त्यांची सरमिसळ करून आणखी चांगली काढतो. प्रत्येक वेळापत्रकाने पाइपांत खरोखर काय होईल हे बघायला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं ईपीएनेट नावाचं सॉफ्टवेअर जगभर वापरलं जातं. ते फुकट मिळतं. इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं ते शिकतात. बेळगावात अशी कॉलेजं आहेत, प्रकल्पासाठी विषय शोधणारी मुलं आहेत. आपल्याच तालुक्यातली एखादी पाणीयोजना त्यांना अभ्यासाला दिली तर गावाला वेळापत्रक मिळेल आणि मुलांना खरं काम.

चोवीस तास पाणी असलेल्या भागात हे सगळं जास्त चांगलं चालतं. बेळगावच्या काही वॉर्डांत २००८ पासून जागतिक बँकेच्या मदतीच्या प्रकल्पातून अखंड पाणी सुरू झालं. तिथे लोक पाणी साठवायला धावत नाहीत, त्यामुळे वापर दिवसभर पसरतो आणि पंपाला श्वास घ्यायला जागा मिळते. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गल्लीत उलट. नळ सुरू झाला की सगळ्या घरांच्या मोटरी एकदम लागतात, दाब कोसळतो आणि मग वरच्या घरातला माणूस आणखी मोठी मोटर आणतो. पालिकेने एकदा उचललेलं पाणी घराघरांत दुसऱ्यांदा उचललं जातं, गृहज्योतीच्या युनिटांतून.

'रात्री पंप चालवायला कोण बसणार?'

रास्त प्रश्न. पगार अपुरा आणि वर रात्रीची जागरणं, असं करून वेळापत्रक टिकणार नाही. पण आपल्याकडे शेतकरी मोबाइल स्टार्टर कधीपासून वापरतात. घरातून मिसकॉल दिला की मळ्यातली मोटर सुरू होते. तोच स्टार्टर, टाकीत पातळी सांगणारा एक फ्लोट आणि एक टायमर एवढ्यावर गावाचं काम भागतं. टाकी भरली की पंप आपोआप थांबेल आणि ओसंडणारं पाणीही वाचेल. शिवाय उन्हाच्या तासांत वीज स्वस्त झाली की रात्रीची गरजच कमी होते. नवीन नियमांचा कल दिवसाकडे आहे.

'करंटचाच भरवसा नाही, वेळापत्रक कसलं?'

हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. शेतीपंपांना कर्नाटकात दिवसाला सात तास थ्री-फेज मिळते, आणि ती येते तेव्हा ऑटो स्टार्टरवरच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होऊन व्होल्टेज खाली जातं. गावाचा पिण्याच्या पाण्याचा पंप त्याच फीडरवर असेल तर तोही त्यात सापडतो. म्हणून पाण्याच्या पंपाला निरंतर ज्योतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीपासून वेगळ्या केलेल्या लाइनवर, जोडणी असणं ही पहिली अट आहे. आणि वेळापत्रक करताना टाकी कधीच अगदी तळापर्यंत उतरू द्यायची नाही. वीज गेली तर किमान एक पाळी निभेल एवढं पाणी राखून मगच बचतीचा विचार करायचा. आग लागली तर लागणारं पाणीही त्यातच धरायचं. दहा रुपये वाचवायला गावाला कोरडं ठेवणारं वेळापत्रक फाडून टाकावं.

'टाकीत पाणी जास्त वेळ राहून शिळं होणार नाही का?'

होऊ शकतं. पाण्यात टाकलेलं क्लोरीन वेळेनुसार कमी होतं आणि भारतीय मानकाप्रमाणे नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे. पण वरच्या वेळापत्रकात पाणी टाकीत काही तासच थांबतं. टाकी दिवसातून दोनदा भरून दोनदा रिकामी होत असेल तर प्रश्न येत नाही. जिथे टाकी गरजेपेक्षा खूप मोठी आहे किंवा झाकण तुटलेलं आहे, तिथे शेवटच्या नळावर क्लोरीन तपासत राहावं लागेल.

'सोलर बसवला की प्रश्नच मिटला'

अर्धा मिटतो. सोलर पंप दुपारी चालतो आणि लोकांना पाणी सकाळी हवं असतं, म्हणजे टाकी लागतेच, उलट मोठी लागते. जुलैत आपल्याकडे, विशेषतः खानापूरच्या बाजूला, आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. तेव्हा लाइनची जोडणी ठेवावीच लागते. हिडकलसारख्या मोठ्या चढणीला तर केवढी पॅनेलं लागतील याचा अंदाज वरच्या ४,२०० युनिटांवरून करता येईल.

ग्रामसभेत काय विचारायचं?

पंपाचं बिल सार्वजनिक पैशाचं आहे, ते बघायला मागता येतं. त्यावर आधी एकूण युनिट बघा आणि त्या महिन्यात किती लाख लिटर पाणी उचललं ते विचारा. प्रवाहमापक नसेल तर तो बसवायची मागणी करा, कारण हजार लिटरमागे किती युनिट हा एकच आकडा पंपाची तब्येत सांगतो आणि तो दर महिन्याला वाढत असेल तर पंप झिजतोय. मग वेळेनुसार दर लागू असेल तर युनिटांची तासवार विभागणी बघा: संध्याकाळच्या रकान्यात मोठा आकडा असेल तर पाणी सोडायची वेळ बदलण्याची गोष्ट तिथेच काढा. मोठी जोडणी असेल तर नोंदलेली सर्वांत जास्त मागणी आणि मंजूर भार शेजारी ठेवून बघा. आणि शेवटी पॉवर फॅक्टर, म्हणजे लाइनवरून ओढलेल्या केव्हीएपैकी किती भाग प्रत्यक्ष वापरला गेला ते सांगणारा आकडा. तो ०.९ च्या बराच खाली असेल तर पॅनेलमधले, हा आकडा वर ठेवणारे कपॅसिटर जळलेले असण्याची शक्यता जास्त आहे. ते बदलणं एका वायरमनचं एका दुपारचं काम आहे.